आजचा चारा दिलेला आहे

माझं नाव कुठं छापून आलेलं नाही. लेख नाही, गोष्ट नाही. भावकीतल्या लग्नपत्रिकेतसुद्धा मी निमंत्रकांच्या शेवटच्या ओळीत असतो. पण एक वाक्य मी लिहिलं आणि ते एका दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांनी वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते वाचून दाखवलं गेलं. 'या बिल्ल्याचा आजचा चारा दिलेला आहे.' संगणकाच्या पडद्यावर पिवळ्या त्रिकोणाशेजारी हे वाक्य यायचं आणि खाली 'ठीक आहे' असं एकच बटण असायचं. समोरच्याला ठीक असो वा नसो, ते दाबल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. ते बटणही माझंच.

मी मूळचा घाटनांदूरकडचा. अंबाजोगाईला संगणक शिकलो आणि शिरूर कासारच्या बाजूला एका सहकारी दूध संघात चिकटलो. संघाचं नाव सांगत नाही. तो आता राहिलेलाही नाही. संघाच्या शीतकरण केंद्रात एक लांबट खोली होती, तिच्या दारावर 'संगणक विभाग' अशी पाटी होती आणि आत आम्ही दोघं होतो. दुसरा माझा जोडीदार. शिरूरमध्ये त्याच्या वडिलांचं मोटारी भरायचं दुकान होतं, जळालेल्या मोटारीची तार काढून नवी भरायची आणि ती पुन्हा चालती करायची. जोडीदाराचा हात तसाच होता. बिघडलेली कुठलीही गोष्ट तो आधी कानाला लावून ऐकायचा, मग उघडायचा. प्रोग्राम लिहायला मी त्याला शिकवलं, असं मी सुरुवातीला सांगत असे. नंतर सांगायचं बंद केलं, कारण तो माझ्यापुढं गेला होता.

संघाचा सगळा हिशेब आम्ही एका डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये बसवला होता. गावोगावचं दूध, फॅट, कुणाच्या किती म्हशी, कुणाच्या जनावराला कधी लस दिली. हा प्रोग्राम साध्या टेबलावरच्या संगणकावर चालणारा, मोठा काही नव्हे. त्याच्या जुन्या आवृत्तीत एक खोट होती. चुकीची नोंद अडवणारे नियम फॉर्मवर, म्हणजे कारकुनाला दिसणाऱ्या पानावर लिहावे लागत. पण फॉर्मच्या मागं खरं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता असतो, आणि ते टेबल थेट उघडलं की नियम गळून पडत. पुढच्या दाराला कुलूप आणि मागं काटक्यांचं कूड मोडलेलं, अशातला प्रकार. संघातल्या कारकुनांना ती मोडलेली जागा पाठ झाली होती. संचालकाच्या म्हशीचं फॅट वाढवायचं असलं की ते तिथूनच आत शिरत.

नवी आवृत्ती आली ती सीडीवर, जिल्ह्याच्या गावाहून. आम्ही तिचं मदतीचं पुस्तक छापून घेतलं आणि वाटून घेऊन वाचलं. आमच्यासारख्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी तिच्यात बरंच नवं होतं. कोड लिहिताना पुढचा शब्द स्वतःहून सुचवला जायचा, त्याचं दोन दिवस कौतुक वाटलं. पण एक गोष्ट वाचून जोडीदार उठून उभाच राहिला. नियम आता थेट टेबलावर लिहिता येत होता. फॉर्ममधून या, मागून या, दुसऱ्या संगणकावरून या, टेबल स्वतःच नोंद तपासणार आणि चुकीची असली तर परत फेकणार. शिवाय प्रत्येक बदल कुणी केला, कोणत्या संगणकावरून केला, हे टेबल स्वतःच दुसरीकडं लिहून ठेवणार.

"म्हणजे कूड बुजलं बे," जोडीदार म्हणाला.

मी म्हणालो, "पक्की भिंत झाली."

त्या दिवशी आम्ही दोघांनी स्टँडवर जाऊन भजी खाल्ली. सोळाव्या वर्षी सायकल मिळालेल्या पोरासारखं मला वाटत होतं. आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

त्याच हंगामात पाऊस गेला. आधी विहिरी गेल्या, मग बोअर गेले, मग दूध गेलं. शीतकरण केंद्राची मोठी टाकी रिकामी पडली आणि तिच्यातून नुसता आंबूस वास यायचा. आमच्या भागातली माणसं दरसाल दसरा-दिवाळीला ऊस तोडायला कारखान्यावर जातात. त्या वर्षी जी कधी जात नव्हती तीही गेली. नवरा-बायको गेले, गाडीचे बैल गेले, लहान लेकरं गाडीवर बसून गेली. गावात राहिली म्हातारी माणसं आणि दावणीची गाय-वासरं. मग सरकारनं चारा छावण्या काढायच्या ठरवल्या आणि आमच्या संघाला एक छावणी मिळाली. शीतकरण केंद्राच्या मागचं मोकळं रान आखलं, हिरव्या जाळीच्या सावल्या उभारल्या, टँकरसाठी हौद बांधला. जनावरं आणून बांधायची, मालकानं तिथंच राहायचं, रोज प्रत्येक जनावरामागं ऊस, उसाच्या शेंड्यांचे वाढे किंवा मका घ्यायचा.

छावण्यांत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नसलेली जनावरं कागदावर बांधायची आणि त्यांचा चारा उचलायचा. आमच्या व्यवस्थापक साहेबांनी आम्हाला बोलावलं तेव्हा तेच काढलं.

"बाहेर लई बोंबाबोंब चालली आहे," साहेब म्हणाले. "चेअरमनचं म्हणणं, आपली छावणी संगणकावर चालवायची. कुणाला बोट ठेवायला जागा राहायला नको. तुम्हा दोघांना जमंल का?"

आम्हाला नुसतं जमणार नव्हतं, आम्ही त्याचीच वाट बघत होतो.

छावणीचा प्रोग्राम आम्ही जीव ओतून लिहिला. जनावरांच्या डॉक्टरनं तपासून कानात पिवळा बिल्ला मारायचा, मालकासकट फोटो काढायचा, मग तो बिल्ला टेबलात जायचा. पहिला नियम असा की डॉक्टरची तपासणी आणि फोटो नसेल तर बिल्ला घ्यायचाच नाही. म्हणजे कागदावरची जनावरं जन्मालाच येणार नाहीत. दुसरा नियम, एका बिल्ल्याला दिवसातून एकदाच चाऱ्याची चिठ्ठी. चिठ्ठी छापली जाईल, ती दाखवली की चाऱ्याच्या गंजीवरचा माणूस चारा देईल. दोन्ही नियम टेबलावरच. आम्हालासुद्धा ते ओलांडता येणार नव्हते. शेवटी साहेबांच्या सांगण्यावरून नव्या आवृत्तीतली आणखी एक सोय वापरली. प्रोग्रामची अशी फाईल बनवली जी चालते, पण आतला कोड कुणाला उघडून बघता येत नाही की बदलता येत नाही. मूळ उघडी फाईल साहेबांच्या कपाटात ठेवली. संदेश मराठीत लिहिले, कारण खिडकीवर येणारा माणूस मराठी होता. ते वाक्य तेव्हा लिहिलं. 'दिला आहे' की 'दिलेला आहे' यावर आमचा वाद झाला होता. 'दिलेला' जास्त ठाम वाटतो म्हणून मी तो ठेवला.

छावणी सुरू झाली. एक संगणक खिडकीत, माझ्यापुढं; दुसरा केंद्राच्या कार्यालयात. कार्यालयाची किल्ली छावणीप्रमुखाकडं असे. छावणीप्रमुख म्हणजे चेअरमनचा मेहुणा, पांढऱ्या बुटातला, हसतमुख माणूस. तपासणीला अधिकारी आले, त्यांनी मुद्दाम खोटा बिल्ला घालून बघितला. टेबलानं तो परत फेकला. अधिकारी खूश झाले. चेअरमननी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता आपल्या छावणीत जास्तीचं कुत्रंसुद्धा दिसणार न्हाई." टाळ्या पडल्या. मी त्या खऱ्या धरल्या.

काही दिवस सगळं नीट चाललं. मग एका सकाळी खिडकीवर एक मावशी आल्या. त्यांचं गाव जवळचंच. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते आणि लालकंधारी गाय घेऊन त्या छावणीत राहत होत्या. गाभण गाय, अंगानं भरलेली, तांबडी चकचकीत. मावशी तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर स्वतःच्या पदरावर दोऱ्यानं भरून आणत, म्हणजे आकडे जसेच्या तसे टाचून. वाचता येत नव्हतं म्हणून ही युक्ती. मी पदरावरचा आकडा बघून टाइप केला. पिवळा त्रिकोण आला.

"मावशी, तुमचा आजचा चारा दिलेला आहे."

"कुणाला दिला?"

"तुम्हालाच. मशीन तसं दाखवतंय."

"आरं लेकरा, मी आत्ता उठून आले. गाय कालपासून रवंथ करून करून थकली. मला कावून दिला म्हनतोस?"

मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. आकडा चुकला असेल म्हणून मी बाहेर जाऊन गाईचा कान बघितला. आकडा बरोबर होता. मागं रांग तटली होती, लोक ओरडत होते. मी मावशींना म्हणालो, "थांबा, बघतो." रांग संपल्यावर गंजीवर गेलो आणि तिथल्या माणसाला म्हणालो, यांना चारा दे, मी सांगतो. त्यानं मान हलवली. "चिठ्ठी न्हाई तर चारा न्हाई. तुमचाच कायदा हाय, सायब." मावशी हौदाकाठी बसून होत्या. शेजारच्या दावणीतल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या बैलापुढचे थोडे वाढे उचलून त्यांच्या गाईपुढं टाकले. मला वाटलं, प्रोग्राममध्ये कुठंतरी चूक झाली असणार. दुपारभर मी ती शोधत बसलो. चूक नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मावशींना चारा मिळाला, पण दुसरे चार-पाच जण परत गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा मावशी. परत जाणारी माणसं मी बघू लागलो. एकही बोलका माणूस त्यांत नव्हता. कुणी आंधळी सासू, कुणी एकटा म्हातारा, कुणाची पोरं कारखान्यावर. भांडायला ज्यांच्यामागं कुणी नाही, नेमके तेच.

शोध जोडीदारानं लावला, आणि तोही डोळ्यांनी. तो एकदा वडिलांच्या दुकानासाठी काही सामान पोचवून उजाडतानाच मोटारसायकलवर छावणीत आला. गंजीकडं बघितलं आणि सरळ जवळच्याच माझ्या खोलीवर आला.

"चल. तुला कायतरी दाखवायचंय."

गंजीजवळ एक ट्रॅक्टर उभा होता. छावणीप्रमुखाची माणसं त्यात ऊस भरत होती आणि गंजीवरचा माणूस त्यांच्याकडून चिठ्ठ्या घेऊन तारेत ओवत होता. आमच्याच चिठ्ठ्या, आमच्याच प्रिंटरवर छापलेल्या, मावशींसारख्यांच्या बिल्ल्यांवर कार्यालयातल्या संगणकावरून काढलेल्या. सगळं कायदेशीर. ट्रॅक्टर भरला आणि चेअरमनच्या मळ्याकडं गेला. तिथं त्यांचा परदेशी गाईंचा गोठा होता.

आम्ही हौदाच्या कठड्यावर बसलो. ट्रॅक्टरचा धुरळा खाली बसेपर्यंत जोडीदार तिकडंच बघत होता. मग म्हणाला, "तुला कळलं का काय झालं ते?"

"चोरी चाललीय."

"चोरी तर आधीपन होती. दुसऱ्या छावण्यांत काय करतेत? नसलेल्या जनावरांचा चारा उचलतेत. सरकारचा जातो, पन कुना गाईच्या तोंडचा जात न्हाई. आपन काय केलं? नसलेली जनावरं बंद केली. मग यांना खायला काय राहिलं? असलेली." त्यानं खडा उचलून हौदात टाकला. "आपल्या नियमानं त्यांनी सरकारचं खायचं सोडलं आनि मावशीच्या गाईचं धरलं. लई पक्की भिंत बांधली आपन."

मला त्याचं बोलणं खोडून काढायचं होतं. पण मला जुनी वही आठवली. पूर्वी वही होती तेव्हा खिडकीवरचा कारकून माणूस बघून, दोन शिव्या देऊन का होईना, चारा देऊन टाकायचा. आता शिव्या नव्हत्या आणि चाराही नव्हता.

मी साहेबांकडं गेलो. साहेब मुळात वाईट नव्हते. संघात लहान जागेवरून वर आलेले, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले, मधुमेहानं वाळलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले.

मी म्हणालो, "मूळ फाईल द्या साहेब. मालक जनावरासह समोर उभा असला तर नियम सोडून चिठ्ठी देता येईल, एवढाच बदल करतो. आणि कार्यालयातल्या मशीनवरनं चिठ्ठी काढणं बंद करतो."

"मूळ फाईल माझ्याकडं नाही."

"तुमच्या कपाटात ठेवलीय आम्ही."

"चेअरमनच्या पुतण्यानं नेली. त्याची पुण्यात कंपनी आहे." मग चष्मा लावून माझ्याकडं बघितलं. "हे बघ, नियम तुम्हीच केला, चांगला केला. कलेक्टर हापिसातनं कौतुकाचं पत्र यायचंय. आता तो कावून मोडायचा? शिकलेला माणूस आहेस. गप काम कर."

आमच्याकडं त्या फाईलची एक प्रत होती. जोडीदार कुठलंही काम प्रत ठेवल्याशिवाय हातावेगळं करत नसे. त्यानं विचारलं, "करायचं?" मी म्हणालो, "करायचं." टेबलाचा नियम आम्ही बदलला. खिडकीतल्या फॉर्मवर एक नवं बटण आलं: 'मालक समोर आहे, चारा द्या.' ते दाबलं की दिवसातली दुसरी चिठ्ठीही निघायची. कार्यालयातलं मशीन बंद करणं आमच्या हातात नव्हतं, त्याचा पासवर्ड छावणीप्रमुखाकडं होता. पण माणसाला माणूस म्हणून चारा देता येत होता.

त्या सकाळी मावशी आल्या तेव्हा पिवळा त्रिकोण आलाच. मी नवं बटण दाबलं. चिठ्ठी निघाली. मावशींनी ती डोळ्याजवळ धरून बघितली, जणू काही वाचता येणार होतं.

"आज मशीन सुदरली म्हनायची," त्या म्हणाल्या.

"सुधारली मावशी."

"गाय देवासारखी हाय रं. आता वेताला आली. पोरगा आला की तुला खरवस खायला बोलावते."

चार सकाळी असं चाललं. कुणी रिकामं परत गेलं नाही. पण गंजी तीच होती आणि तिच्यातून आता दोन्हीकडं चारा जात होता. ती दिवस संपायच्या आत खाली बसू लागली. मेहुण्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. ट्रॅक्टर कमी भरून जाऊ लागला तसं त्यानं तपासणीच बोलावली. अधिकाऱ्यांनी आमचा प्रोग्राम उघडला. आम्हीच केलेली सोय त्यांनी वापरली: कोणता बदल कुणी केला ते टेबल सांगत होतं. दुसऱ्यांदा दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीपुढं माझं नाव होतं. पहिल्या चिठ्ठ्यांपुढं 'कार्यालय' एवढंच होतं, आणि कार्यालय म्हणजे कुणीच नाही. एका बिल्ल्याला दोनदा चारा देणारा माणूस छावणीत एकच निघाला, तो मी.

संचालकांच्या बैठकीत आम्हाला उभं केलं. चेअरमन मध्ये, बाजूला साहेब मान खाली घालून.

"नियम कुणी मोडला?"

"मी," मी म्हणालो.

"आमी दोघांनी," जोडीदार म्हणाला. "आनि कावून मोडला तेबी इचारा. उजाडता ट्रॅक्टर कुठं जातो, तेबी इचारा."

एका संचालकानं खोकला काढला. दुसरे दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागले. त्या खोलीत ट्रॅक्टर कुणाला माहीत नव्हता अशातला भाग नव्हता. चेअरमन मात्र शांत होते. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरा, तुझे चुलते आपल्या जिल्हा बँकेचे मतदार हायत. चांगल्या घरचा हायस. या मोटारवाल्याच्या नादानं वाया जाऊ नको. माफी लिही, कामावर राहा. याला आमी आजच मोकळा करतो."

जोडीदारानं माझ्याकडं बघितलं नाही. तो दाराकडं निघालाच होता. मी त्याच्या मागं निघालो. मागून साहेबांचा आवाज आला, "आरे, बस तरी." पण ते मला म्हणत होते की त्याला, हे कळलं नाही.

बाहेर आल्यावर जोडीदार चिडला. "तू कावून आलास? एकजन आत पायजे होता. आता खिडकीवर कोन बसनार?" त्याचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या कंपनीचा माणूस आला, जुनी फाईल परत टाकली आणि खिडकीवर बसला. नवं बटण गेलं. मी तिथं असतो तरी ते गेलंच असतं, असं मी स्वतःला सांगतो. जोडीदार तसं म्हणत नाही.

मावशी आणखी थोडे दिवस छावणीत तग धरून होत्या. मग गाय सोडली आणि बाजारच्या वाटेला लागल्या. वेताला आलेली गाय, पण हाडं दिसत होती. व्यापाऱ्यानं पडेल भावात घेतली, असं शेजारच्या दावणीतल्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं. कापायला गेली की पाळायला, ते त्याला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

कारखान्यांचा हंगाम संपल्यावर तोडीवाले परतले. मावशींचा मुलगा मला शोधत आला. मी तेव्हा छावणीजवळची खोली सोडायच्या तयारीत होतो, सामान दाराशी बांधून ठेवलं होतं. तो उन्हानं करपलेला, हाताला कोयत्याचे घट्टे पडलेला, माझ्याच वयाचा माणूस. दारातच उभा राहिला.

"छावनीत खिडकीवर तुमीच होते का?"

"हो."

"माज्या आईला न्हाई म्हनले ते तुमीच?"

मला सांगायचं होतं की मीच नंतर दिलं, त्यापायी नोकरी गेली. तोंड उघडलंही. पण तो आधीच बोलत होता.

"मी मुकादमाची उचल घेऊन गेलतो. गाय हाय म्हनून बायकोला म्हनलं, घरी काय तरी हाय. आई म्हनती मशीननं न्हाई म्हनलं. मशीन कुठं म्हनती काय? कुनीतरी म्हनायला लावलं आसंल ना?"

"मी लावलं," मी म्हणालो. "तो नियम मीच लिहिला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं बांधलेल्या सामानाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि वळून गेला. पायरी उतरताना त्यानं चप्पल नीट घातली, एवढं आठवतं.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. छावणीला कौतुकाचं पत्र आलं, ते संघाच्या भिंतीवर काचेत लावलं होतं. दोन पावसाळ्यांनंतर संघ बुडाला. काचेतलं पत्र कुणी नेलं माहीत नाही. साहेब निवृत्त झाले आणि फार जगले नाहीत. चेअरमन आणखी मोठे झाले. पुतण्यानं आमचा प्रोग्राम स्वतःचा म्हणून दुसऱ्या छावण्यांना विकला, बंद फाईलच, आतला कोड कुणाला दिसत नाही तशी. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्याच्या कंपनीचं नाव आलं. बाकी सगळं आमचंच होतं.

जोडीदार संभाजीनगरला गेला. आता कॅमेरे बसवायचं काम करतो, दुकानांत, बँकांत. ईदला मी फोन करतो, दिवाळीला तो करतो. छावणीचा विषय आम्ही काढत नाही. मी घाटनांदूरला परत आलो. लोकांचे ऑनलाईन अर्ज भरून देतो. डेटाबेसच्या त्याच प्रोग्रामच्या आणखी नव्या आवृत्त्या येतात, प्रत्येकीत प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी काही नवं असतं. मी वाचत नाही.

पुढच्या दुष्काळात एकदा फोन आला. अनोळखी बाईचा आवाज, तरणा. दुसऱ्या तालुक्यातल्या एका छावणीवर ती ऑपरेटर होती. माझा नंबर तिला जोडीदाराकडून मिळाला होता. तिच्या छावणीत कॅमेरे बसवायला तो गेला होता.

"सर, हा चाऱ्याचा प्रोग्राम तुम्ही केलाय म्हणे."

"हो."

"एक आजोबा समोर उभे आहेत. त्यांना चारा मिळालेला नाही, मला माहीत आहे. पण चिठ्ठी निघत नाही. कुठून तरी सोडवता येतं का?"

"नाही. फाईल बंद आहे."

"मग काय करू?"

मागं गुरांचा आवाज येत होता, कुणीतरी रांगेत ओरडत होतं. मी म्हणालो, "मशीन बंद करा. कागदावर हातानं चिठ्ठी लिहा, खाली सही करा, आणि गंजीवर स्वतः जाऊन चारा काढून द्या."

"चालतं का तसं?"

"नाही चालत. नोकरी जाते."

तिनं आजोबांना जरा थांबायला सांगितलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "माझं लेकरू लहान आहे, सर." रांगेतलं ओरडणं वाढलं. "बरं, ठेवते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिनं काय केलं ते मला माहीत नाही. मी पुन्हा फोन लावला नाही, आणि तिचाही आला नाही.